शेटची टाकी आणि उघाडीतला नारळ

मी सध्या पालिकेच्या एका खिडकीमागे बसते. लोक मालमत्ता कर भरायला येतात, मी कागद तपासते, शिक्का मारते. समोरून बघाल तर शहाणीसुरती कारकून. पण टेबलाखाली वाकून बघितलंत तर माझे पाय चालू असतात. आळीपाळीने, वरखाली, घोट्यातून सैल. शेजारच्या कुलकर्णीबाई कुरकुरतात, "वंदना, तुझ्यामुळे माझं टेबल हलतं गं. शिक्का तिरका पडतो." मी तरी काय करू? अर्धं आयुष्य पाण्यात काढलेल्या बाईची बदली कोरड्या जमिनीवर झाली, हे अजून तिच्या पायांना कुणी कळवलेलं नाही.

मी जीवरक्षक. लाइफगार्ड. शेटच्या टाकीवरची पहिली बाई लाइफगार्ड म्हणून माझं नाव घेतात. म्हणजे मीच घेते, पण मोठ्याने घेते.

राई गावावरून उत्तनकडे निघालात की घरं विरळ होतात, वाऱ्याला खारट वास येतो आणि एका वळणावर निळ्या पत्र्यांचं लांबलचक कुंपण लागतं. त्यावर 'नूतनीकरणाचे काम सुरू आहे' असा फलक आहे. आता त्या फलकाचंच नूतनीकरण करायची वेळ आली आहे. पत्र्याच्या वर बघा, सिमेंटचे दोन मासे दिसतील. त्यांच्या खाली शेटची टाकी.

शेट म्हणजे मिठागरांचा एक मालक. मी त्याला पाहिलेलं नाही, तिकिटाच्या खिडकीवर लावलेलं त्याचं चित्र तेवढं पाहिलंय. मिशा झुपकेदार, कोट भारी आणि पाण्याकडे पाठ. पाठ का, तर त्याला संधिवात होता आणि वैद्याने समुद्रस्नान सांगितलं होतं. पण शेटला समुद्राची भीती. लाट आली की धोतर सावरत पळायचा म्हणे. शेवटी त्याने डोकं चालवलं. आपण समुद्राकडे जाण्यापेक्षा समुद्रानेच आपल्याकडे यावं. मात्र घरी येणारा पाहुणा चपला बाहेर काढून येतो, तसं त्याने लाटा बाहेर काढून यावं.

मग काय! किनाऱ्याच्या खडकात भली मोठी टाकी खोदली. दर्याच्या अंगाला जाड भिंत, बाकी तिन्ही बाजूंना नाटकगृहासारख्या पायऱ्या, वर कमानी, मध्ये उडी मारायचा मनोरा, आणि प्रवेशद्वारावर दोन डॉल्फिन. कारागिराने डॉल्फिन कधी बघितला नव्हता. बोंबील बघितले होते. ते दोन धष्टपुष्ट बोंबील आजही कमानीवर तोंड उघडून उभे आहेत. शेट स्वतः एकदाच पाण्यात उतरला, कमरेपर्यंत, आणि म्हणाला, "बस, आता लोकांना येऊ द्या." तेव्हापासून टाकी सगळ्यांची. शेट गेल्यावर ट्रस्टने चालवली, ट्रस्ट थकल्यावर पालिकेने. कधी काळी इथे रविवारी बँड वाजायचा. माझ्या वेळी बँड नव्हता, माझी शिट्टी होती.

टाकीचा जीव तिच्या उघाडीत. दर्याच्या भिंतीत एक फट आहे, दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढी. तिच्या दोन्ही कडांना दगडात खाच, आणि त्या खाचांतून वरखाली सरकणारी सागवानी फळी, साखळीला टांगलेली. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं तेव्हा फळी उचलायची. दुपारपर्यंत दर्या आपल्या पायांनी आत येतो. टाकी काठोकाठ झाली की फळी खाली, पाणी बंद. पुढे भरती मंदावते त्या दिवसांत ओहोटीला फळी उचलून टाकी रिकामी करायची आणि तळाचं शेवाळ घासायचं. पंप नाही, मोटार नाही. आमच्या मिठागरांत हेच चालायचं. तिथे त्यातून मीठ निघायचं, इथे माणसं.

फक्त फळी टाकायची वेळ साधावी लागते. भरती संपून ओहोटी लागायच्या मध्ये पाणी थोडा वेळ ना आत येतं ना बाहेर जातं. आमच्याकडे म्हणतात, पाणी दम खातंय. फळी तेवढ्यात पडली पाहिजे. उशीर झाला की आलेला पाहुणा परत निघतो, आणि एकदा तो निघाला की त्या फटीजवळ जायचं नाही. ओढ अशी असते की रेड्याला नेईल. म्हणून उघाडीपासून थोडं अलीकडे टाकीच्या भिंतीवर लाल पट्टा मारलेला होता. फळी उघडी असताना लाल पट्ट्यापलीकडे कुणी नाही. टाकीवरचा हा पहिला नियम, आणि शेवटचाही.

उघाडी सांभाळायला गोपाळदादा होते. माझ्याच गावचे, मिठागरातून आलेले, आणि माझ्याहून नाटकी. फळी सोडताना छाती काढून ओरडायचे, "दर्याराजा, पाय आत घेऽऽ!" आणि धाड! पायऱ्यांवर बसलेली मुलं टाळ्या वाजवायची. दादा मान झुकवून टाळ्या घ्यायचे.

आता माझं काम सांगते. लोकांना वाटतं लाइफगार्डचं काम पोहायचं. नाही हो. लाइफगार्डचं काम बघायचं. जो ओरडतो, हात हलवतो, "वाचवा वाचवा" करतो, तो बहुतेक वेळा बायकोची गंमत करत असतो. खरा बुडणारा गप्प असतो. त्याचं तोंड पाण्याच्या रेषेवर असतं आणि डोळे कुठेच बघत नसतात. त्या गर्दीतून तो एक गप्प चेहरा शोधायचा. सापडला की आधी बांबू पुढे करायचा, बांबू पुरला नाही तर दोरी, दोरी पुरली नाही तर चाक, आणि सगळं फसलं तर स्वतः. उडी मारणं सिनेमात झकास दिसतं. आमच्या धंद्यात उडी मारावी लागली म्हणजे आधी कुठेतरी बघायचं राहिलं.

दुपारची बॅच बायकांची. गिऱ्हाइकं काय एकेक! शांती नगरच्या भाविकाबेन पहिल्या दिवशी पाणी चाखून म्हणाल्या, "अरे वंदनाबेन, आ तो खारू छे!" जणू मीच मीठ जास्त टाकलं. एक नवी नवरी यायची. नवऱ्याने तिला 'मला पोहता येतं' असं सांगितलेलं, आणि त्याला येत नव्हतं हे तिला लग्नानंतर कळलेलं. आता ती शिकत होती, कुठे फिरायला गेल्यावर त्याला वाचवायला. सिल्व्हर पार्कची शबाना शिवणकाम करायची. ती काठाला घट्ट धरून किंचाळायची, "मॅडम, मेरा पैर नीचे नहीं लग रहा!" आणि उभी असायची गुडघाभर पाण्यात.

अशाच एका दुपारी डोक्यावर रिकामी पाटी घेऊन हिराबाई आली.

हिराबाईला मीरा रोडचा अर्धा बाजार ओळखतो. शांती नगरात मासे विकायची. साठीला टेकलेली, चापून नेसलेलं लुगडं, कानांत जड सोनं, आवाज असा की गिऱ्हाईक भाव करायचं विसरावं. पाटी खाली ठेवून ती मला म्हणाली, "गो बाय, मना पोवाला शिकव."

मला वाटलं चेष्टा करतेय. कोळीण आणि पोहता येत नाही?

"आमी कमरेपरंत जातो," ती म्हणाली, "होडी आली का मासळी उतराला. त्याचे फुडं दर्या बाप्यांचा."

मग तिने सांगितलं. तिचा नवरा तुकाराम आदल्या वर्षी अंगावरून वारं जाऊन अंथरुणाला खिळला होता. मुलगा बोटीवर, परदेशात. घरची छोटी होडी किनाऱ्यावर उलटी पडून होती, आणि दीर लक्ष्मण ती विकायला निघाला होता. होडी दोघा भावांच्या नावावर. हिराबाई म्हणाली, विकायची नाही, मी चालवीन. इंजिन मला कळतं, जाळं मला कळतं. लक्ष्मण हसला. वाद कोळीवाड्याच्या पाटलांकडे गेला. पाटील म्हणजे गावातले तंटे मिटवणारे वडीलधारे. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, बाईने होडीवर जाऊ नये असं कुठे सांगितलेलं नाही, पण ही बुडाली तर जबाब कोण देणार? आधी पोहून दाखव. शेटच्या टाकीत एक लांबी जायचं, एक लांबी यायचं, कशाला हात लावायचा नाही. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. जमलं तर होडी तुझी. नाही जमलं तर लक्ष्मणाचं गिऱ्हाईक तयार आहे.

"म्हणजे, होडी गेली तर?" मी विचारलं. "म्हंजे काय म्हंजे," ती म्हणाली. "ती होडी गेली का आमचा म्हातारा पन गेला. तो खिडकीतनं तिलाच बघतो."

मी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. लुगड्यात पोहता येणार नव्हतं, तर शबानाने माप घेऊन पूर्ण बाह्यांचा पोशाख शिवून दिला. तो घालून हिराबाई आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काली शिंगाली दिसतंय." शिंगाली म्हणजे मिशांचा मासा. भाविकाबेन पहिले काही दिवस तिच्यापासून लांब, नाकाला रुमाल. मासळीचा वास त्यांना सोसायचा नाही. हिराबाई मुद्दाम त्यांच्याच शेजारी येऊन उभी राहायची. "बेन, पान्यात आलीस तू. यो मासल्यांचंच घर हाय. तुजाच वास त्यांना येत असंल." मी हसू दाबायला शिट्टी तोंडात धरायची आणि ती नको तेव्हा वाजायची.

शिकवणं सोपं नव्हतं. खाऱ्या पाण्यात माणूस आपोआप तरंगतो, पण तोंड पाण्याखाली घालायला हवं. हिराबाई ते घालेना. "दर्याला तोंड दाखवाचं असतं," म्हणायची, "बुडवाचं न्हाय." आमची अर्धी बॅच तिला समजवायची, अर्धी तिला साथ द्यायची. शेवटी एके दिवशी भाविकाबेन पुढे झाल्या. रुमाल पायरीवर ठेवला, हिराबाईचा हात धरला आणि म्हणाल्या, "चलो, साथ में. एक, दो..." तीन म्हणायच्या आत दोघी पाण्याखाली. वर आल्या तेव्हा दोघी खोकत होत्या, एकमेकींना शिव्या देत होत्या, आणि हात सुटलेला नव्हता.

उन्हाळा संपता संपता ती एक लांबी जायला लागली. परतीच्या लांबीला मनोऱ्यापाशी दम तुटायचा आणि ती त्याचा कठडा धरायची. आणि तेवढ्यात पावसाळा आला. पावसाळ्यात टाकी बंद. फळी खाली, दरवाजाला कुलूप, उघडणार ती थेट नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या भरतीला.

ते दिवस माझे कसे गेले विचारू नका. मी घरात येरझाऱ्या घालायची. बाजारात गेले तर हिराबाई पाटीमागे बसून, कोयता बाजूला ठेवून, हवेत हात मारत असायची. एक गिऱ्हाईक विचारत होतं, "मौसी, पापलेट कैसे दिया?" आणि मौसी मान डावीकडे वळवून श्वास घेत होती. मी लांबूनच ओरडले, "हिराबाय, कोपर वर!" गिऱ्हाइकाला वाटलं आमच्यात भांडण आहे. ते दुसरीकडे गेलं.

नारळी पौर्णिमेला संध्याकाळी सगळ्या कोळीवाड्याने वाजतगाजत दर्याला नारळ दिला. हिराबाईनेही दिला. दिलेला नारळ परत घ्यायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दर्याला दिला, दर्याचा झाला. परत हात लावला तर वर्षभर जाळी रिकामी. आता दर्या काही सगळे नारळ ठेवून घेत नाही. दुसऱ्या दिवशीच्या भरतीला थोडे परत येतात, आणि आमची उघाडी तर दर्याला तोंड करूनच बसलेली. म्हणून गोपाळदादा दरवर्षी उघाडीच्या तोंडाशी जुनं जाळं बांधायचे. नारळ जाळ्याशी घुटमळायचे आणि पुढच्या ओहोटीला आपल्या वाटेने जायचे.

त्या वर्षी दादांनी जाळं बांधलं, पण त्या पावसाळ्याचा दर्या फार आडदांड होता. सकाळी फळी उचलली, भरती चढली, आणि बघता बघता जाळ्याची एक बाजू तुटली. नारळ डुलत डुलत आत यायला लागले. दादा वरून बघत होते. "येऊं दे, आत येऊन फिरतील," म्हणाले.

पायऱ्या भरलेल्या होत्या. एका बाजूला कोळीवाडा, मध्ये पाटील, त्यांच्या शेजारी पांढऱ्या कडक कपड्यांत लक्ष्मण. दुसऱ्या बाजूला आमची बायकांची बॅच. भाविकाबेनने सगळ्यांसाठी थेपले आणले होते. मधल्या पायरीवर खुर्चीत तुकाराम. चौघांनी उचलून आणला होता. तो बोलत नव्हता, बोलता येत नव्हतं. फक्त बघत होता.

टाकी काठाला आली. पाणी चहाच्या रंगाचं. नारळ मनोऱ्याभोवती गोल फिरत होते. पाण्याने दम खाल्ला. दादांनी छाती काढली, "दर्याराजा, पाय आत घेऽऽ!" आणि फळी सोडली.

धाड झालं नाही. कर्रर्र झालं.

एक नारळ नेमका फळीखाली सापडला होता. फळीने तो पाण्याखाली दाबत नेला आणि दगडाच्या खाचेत ठोकून बसवला. फळी तिरकी झाली आणि अडकली. दादांनी साखळी ओढली, वर येईना. वर चढून लाथा घातल्या, खाली जाईना. खाली हातभर फट उघडीच. पाणी अजून थांबलेलं होतं, पण थोड्या वेळात ओहोटी लागणार होती, आणि मग त्या फटीतून आमची अख्खी टाकी दर्यात. पुढचं उधाण पंधरवड्याने. लक्ष्मणाचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं.

मी बांबू घातला. वरून ढोसलं की नारळ आणखी घट्ट बसत होता. तो समोरून, टाकीच्या बाजूने, दर्याकडे ढकलायला हवा होता. मी स्वतः उतरायला शिट्टी गळ्यातून काढली. दादांनी माझा दंड धरला.

"येडी हायस का? अख्ख्या गावाचा नारळ. तू हात लावलास तर वरीसभर ज्याची जाळी रिकामी येतील तो तुजं नाव घेल. तुजं न् टाकीचं."

मी पायऱ्यांकडे बघितलं. खरंच, सगळा कोळीवाडा माझ्या हातांकडे बघत होता. लक्ष्मणाच्या तोंडावर मात्र चांदणं पडलेलं. तो पाटलांना म्हणाला, "काका, दर्याचीच मर्जी न्हाय. आपुन काय करनार?"

हिराबाई काळ्या पोशाखात पाण्याच्या कडेला उभी होती. तिने विचारलं, "कुनाचा नारळ हाय तो?"

 कोण बोलणार? दर्याने परत पाठवलेला नारळ. तो माझा असं म्हणणं म्हणजे दर्याने मला नाकारलं असं चारचौघांत सांगणं. आदल्या संध्याकाळी वाजतगाजत नारळ देणारी सगळी घरं आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होती.

"लक्ष्मनभावजी, तुमचा हाय का?"

"माजा कशाला आसंल?" लक्ष्मण ताडकन म्हणाला.

"मंग माजा हाय," हिराबाई म्हणाली. "परत घेत न्हाय मी. माजा नीट पोचला न्हाय, तो पोचवून येते. पाटील, दिलेला पोचवला तर चालंल ना?"

पाटलांनी बराच वेळ दाढी खाजवली. आमच्याकडे वेळ नव्हता आणि ते दाढी खाजवत होते! मग म्हणाले, "घेऊ नये असं हाय. पोचवू नये असं कोन बोललाय?"

लोक हसले, पण मला हसू येत नव्हतं. अपशकुन तिने आपल्या अंगावर घेतला होता, आणि खुर्चीतल्या तुकारामाने ते सगळं ऐकलं होतं. शिवाय पाण्याखाली बुडी मारायला मी तिला कधीच शिकवलं नव्हतं. आणि फट लाल पट्ट्यापलीकडे होती.

मी दोरी आणली. ती मागे सरकली. "दोरी नगं. दोरी बांधलीस का बोलतील, वढून आनली."

"बोलू दे."

"वंदना, होडी जाईल गो."

"होडी जाऊ दे. तू गेलीस तर मी कुणाला ओरडू?" मी तिच्या कमरेला दोरी बांधलीच. गाठ अशी मारली की ती स्वतः सोडू शकली नसती. मग म्हटलं, "पाणी दम खातंय तोवर. मी शिट्टी वाजवली की असशील तिथून परत. नारळ गेला खड्ड्यात."

"दर्यात," ती म्हणाली आणि उतरली.

ती नारळांमधून पोहत गेली. कोपर वर, मान डावीकडे, श्वास. मी काठावरून तिच्या बरोबरीने चालत होते आणि दोरी सोडत होते. मनोरा गेला. लाल पट्टा आला. माझं सगळं शरीर शिट्टी वाजव म्हणत होतं. ती पट्टा ओलांडून फळीपाशी पोचली, तोंड वर करून मोठा श्वास घेतला, आणि पाण्याखाली गेली. दर्याला तोंड बुडवायचं नाही म्हणणारी बाई.

वर आली. रिकामी. खोकली. पुन्हा खाली. पुन्हा वर. "हालतंय!" म्हणाली. त्याच वेळी मी पाण्यावरचं एक पान बघत होते. इतका वेळ जागच्या जागी असलेलं ते पिंपळाचं पान फळीकडे सरकायला लागलं. एकदम हळू. ओहोटी लागली होती.

मी शिट्टी तोंडात घातली. ती तिसऱ्यांदा खाली गेली.

 पान निघालंच होतं. मी दोरीला ओढ दिली, दोरी ताठ झाली, मी दोन्ही पाय रोवले आणि शिट्टी फुंकली. त्याच क्षणी खालून काहीतरी सुटल्यासारखा आवाज आला. दगडातून आला की माझ्या छातीतून, आजही सांगता येणार नाही. भिंतीपलीकडे, दर्यात, एक नारळ टुणकन वर आला. दादा किंचाळले, "बाजूला होऽऽ!" मी दोरी ओढली, हिराबाई माझ्याकडे आली आणि फळी, धाड!

तेव्हाच्या टाळ्या दादांनी घेतल्या नाहीत. ते खाली बसले होते.

हिराबाईने दम न घेता तोंड फिरवलं आणि परत निघाली. मनोऱ्यापाशी, नेहमीच्या जागी, तिचा हात कठड्याकडे गेला. मग तिने तो मागे घेतला. या टोकाला लागली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. भाविकाबेन आणि शबानाने दोन्ही काखांत धरून तिला वर ओढली. बायका रडत होत्या, दोघी-तिघी नाचत होत्या.

लक्ष्मण उभा राहिला. "काका, दोरी होती."

"अरे दोरी क्या होती!" शबाना ओरडली. "दोरी तैरी क्या?"

"अट काय होती? कशालाबी हात न्हाय, कशाचा आधार न्हाय. दोरी होती. फळी पन धरली."

आणि मंडळी, त्याचं म्हणणं बरोबर होतं. पाटील माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हो, दोरी मी बांधली." मान वर करून म्हटलं. पाटील म्हणाले, "मंग ही फेरी धरता याचं न्हाय."

 आतले नारळ एकमेकांवर ठक् ठक् आपटत होते.

हिराबाईने कमरेची गाठ माझ्यापुढे केली. "सोड."

मी सोडली. ती पायरीवर बसली. केसांतलं पाणी पिळलं, भाविकाबेनच्या थर्मासमधला चहा घेतला, बशीत ओतून, फुंकर मारत, सगळ्या कोळीवाड्याला वाट बघायला लावत प्यायली. थेपलाही खाल्ला. लक्ष्मण चुळबुळत होता. "वयनी, जाताय ना?"

"चा हाय," ती म्हणाली. "तुमी पन घ्या."

मग ती उठली आणि एक लांबी गेली आणि एक लांबी आली. एवढंच. त्याचं वर्णन करायला काही नाही. कशाला हात लागला नाही, कुणी ओरडलं नाही, मी एकदाही शिट्टीला बोट लावलं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत एवढं कंटाळवाणं आणि एवढं सुंदर पोहणं मी बघितलेलं नाही. खुर्चीत तुकारामाचा चांगला हात मांडीवर पडत होता, थप्, थप्, थप्, तिच्या हातांच्या लयीत.

लक्ष्मण त्या वर्षी बोलला नाही. पुढच्या वर्षी इंजिन बिघडलं तेव्हा दुरुस्त करायला तोच आला. जाळी रिकामी आली का? काही दिवस आली, काही दिवस भरून आली, सगळ्यांची येतात तशी.

त्यानंतर थोड्याच वर्षांत टाकीभोवती पत्रे लागले. गोपाळदादा निवृत्त झाले, बॅच पांगली, मी खिडकीमागे आले. नूतनीकरणाचं कधी विचारलं तर साहेब म्हणतात, "चाललंय." मी रस्त्याने जाताना पत्र्यांच्या फटींतून बघायचा प्रयत्न करते. रखवालदार मला ओळखतो आणि हाकलतो.

यंदा नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. किनाऱ्यावर हिराबाई होडी पाण्यात लोटत होती. आता कंबर वाकलीये, आवाज तेवढाच. "टाकी बघाची का?" म्हणाली. "पत्रं रस्त्याच्या बाजूला हायत. दर्याच्या बाजूला कोन पत्रं लावनार?"

आम्ही समुद्राकडून गेलो. भरती चढलेली. उघाडीची फळी कधीच निखळून गेली आहे. नुसती फट आहे, आणि तिच्यातून दर्या विचारल्याशिवाय आत जातो, बाहेर येतो. इंजिन बंद करून तिने होडी फटीच्या तोंडाशी नेली. आत बघितलं. कमानी आहेत. मनोऱ्याचा खालचा मजला आहे. बोंबील आहेत. आणि पाण्यावर नारळ, फिरताहेत गोल गोल. कुणी टाळ्या वाजवायला नाही.

माझे पाय होडीच्या तळावर वाजायला लागले. हिराबाईने बघितलं. पाण्याकडे बघितलं, एक पान पडलं होतं, ते हलत नव्हतं. तिने फळकुटाखालून दोरी काढली.

"मला दोरी?" मी म्हटलं. "हिराबाय, मी लाइफगार्ड आहे."

"व्हतीस. टेबलाव बसून किती वरसं झाली? गप उबी ऱ्हा." तिने गाठ मारली. माझीच गाठ, मला स्वतःला सुटणार नाही अशी. "मी हाक मारली का आसशील तितनं परत."

मी उतरले. पाणी गार, खारट, चहाच्या रंगाचं. नारळांमधून वाट काढत एक लांबी गेले, एक लांबी आले. मनोऱ्यापाशी दम तुटला. कठडा हाताशी होता. धरला नाही, आईशप्पथ. होडीपाशी येऊन डोकं वर काढलं आणि धापा टाकत विचारलं, "जमलं ना?"

"दोरी होती," हिराबाई म्हणाली. "धरता याचं न्हाय."

आणि थर्मास उघडून तिने बशीत चहा ओतला.